उक्कूचा अभिमान, टंगस्टनची चिंता

धातू आणि कार्बन यांचा प्रखर उष्णतेत होणारा संयोग हा केवळ रसायनशास्त्राच्या पुस्तकातला धडा नव्हे. राष्ट्रांचे सामर्थ्य त्यावर उभे राहिले आहे. दक्षिण भारतातील कारागीर मातीच्या मुशीत लोखंड, लाकूड आणि पाने घालून तोंड लिंपीत व भट्टीत तासन्‌तास तापवीत. लोखंडात कार्बन मुरला की ते कमी उष्णतेत वितळे आणि सावकाश निवताना त्यात लोहाचे कार्बाइड तयार होई. हेच ‘उक्कू’, इंग्रजांनी त्याला ‘वुट्झ’ म्हटले. दमास्कसच्या तलवारींवरील लहरती नक्षी या कार्बाइडच्याच पट्ट्यांची. १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध वाचला गेला. पुढे मायकेल फॅरडे यांनी त्यावर प्रयोग केले. २००६ मध्ये जर्मनीतील संशोधकांना अशा एका तलवारीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका आढळल्या.

हे सारे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो, आणि सांगावेही. परंतु त्या कारागिराला या नलिका ठाऊक होत्या, असे म्हणणे हा त्याचा गौरव नव्हे. त्याचे मोठेपण पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या निरीक्षणात होते. ती विद्या हातातच राहिली, ग्रंथात पुरेशी उतरली नाही आणि स्वस्त कारखानी पोलादापुढे लोपली.

आता वर्तमानाकडे पाहू. टंगस्टनची भुकटी कार्बनसह सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला तापविली की टंगस्टन कार्बाइड बनते. कोबाल्टने सांधलेल्या त्याच्या टिपा १९२० च्या दशकात जर्मनीत सिद्ध झाल्या. आज पिंपरी-चिंचवडमधील यंत्रशाळांत पोलाद कापले जाते ते याच टिपांनी. मात्र जगातील सुमारे ८० टक्के टंगस्टन एकट्या चीनमधून निघते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. आपली देगाणा येथील खाण कधीच बंद पडली. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना परिसरातील साठे अजून भूगर्भातच आहेत. २०२३ मध्ये शासनाने टंगस्टनला महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत स्थान दिले, हे योग्यच. पण यादीतून धातू निघत नाही.

कमी प्रतीच्या खनिजातून धातू काढण्याचे संशोधन, झिजलेल्या टिपांचे पद्धतशीर संकलन व पुनर्वापर आणि धातुशास्त्राकडे वळणारे हुशार विद्यार्थी, या तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. संगणकाच्या वाटेवरच मुलांना धाडणाऱ्या पालकांनीही याचा विचार करावा. पूर्वजांच्या भट्टीचे स्मरण करायचे, तर आपली भट्टी पेटती हवी.