परांच्या मोटारी व मुलांचे हात

मुलांनीं प्रतिकृति कराव्या कीं नाहीं, या प्रश्नाचा निकाल पालकांच्या मनांत बहुधा अगोदरच लागलेला असतो. पतंग, क्रिकेट, तिकिटांचा संग्रह यांस ते क्षमा करतात. परंतु चिरंजीव अभ्यासाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरून, कानस, चिमटा आणि रंगाच्या डब्या घेऊन नऊ इंचांची मोटार तासन् तास घांशीत बसले, कीं त्यांचा धीर सुटतो. त्यांतून ती मोटार १९५० ते १९६० या दशकांतील अमेरिकन, मागच्या अंगास माशासारखे दोन उभे पर असलेली, अतोनात लांब आणि लखलखीत अशी असली म्हणजे तर बोलावयासच नको. असल्या निरुपयोगी डामडौलाची नक्कल करून मुलाच्या पदरांत काय पडणार, असें ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर असें कीं, तो डामडौल निरुपयोगी होता हेंच मुलानें स्वतःच्या बोटांनीं शोधून काढावें, आणि त्यासाठीं ती गाडी तंतोतंत करावी.

हे पर आले कोठून, हें आधीं सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत डेट्रॉइट शहराजवळच्या सेल्फ्रिज विमानतळावर लॉकहीड कंपनीचें पी-३८ हें लढाऊ विमान जनरल मोटर्सच्या आरेखकांस पाहावयास मिळालें. त्याला दोन शेंपट्या होत्या व प्रत्येकीवर एक उभें सुकाणूं होतें. आरेखकांचा प्रमुख हार्ली अर्ल याच्या मनांत तें रूप घर करून राहिलें, आणि १९४८ सालच्या कॅडिलॅक मोटारीच्या मागच्या कोपऱ्यांवर दोन लहानसे उंचवटे दिसूं लागले. विमानाला सुकाणूं लागतें; मोटारीला त्याचें प्रयोजन काय, हा प्रश्न मागें पडला. पुढें क्रायस्लर कंपनीचा आरेखक व्हर्जिल एक्स्नर यानें १९५७ सालच्या गाड्यांस याहून उंच पर दिले, आणि वेगांत गाडी स्थिर राहण्यास त्यांची मदत होते असा दावाही त्या कंपनीनें केला. मग चढाओढ लागली. १९५९ च्या कॅडिलॅकवर पर सर्वांत उंच झाले. प्रत्येकावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन दोन तांबडे दिवे. त्या गाडीची लांबी २२५ इंच, म्हणजे पावणेएकोणीस फूट! त्यानंतर ओहोटी लागली व १९६५ सालच्या कॅडिलॅकवर पर उरले नाहींत.

दरवर्षीं रूप पालटावें, म्हणजे गेल्या वर्षींची धडधाकट गाडीही मालकास जुनाट वाटूं लागेल, हें त्या काळच्या अमेरिकन कारखान्यांचें उघड धोरण होतें. पर हें त्या धोरणाचें निशाण. गंमत अशी, कीं या प्रतिकृतींचा धंदाही त्याच धोरणाच्या पोटीं वाढला. विक्रेते नव्या गाडीच्या लहान प्लॅस्टिकच्या प्रतिकृति कारखान्याच्या खऱ्या रंगांत मिळवून गिऱ्हाइकांच्या मुलांस देत. बापाच्या मनांत न भरलेली गाडी मुलाच्या हट्टानें घरीं यावी, हा हेतु. मिशिगन राज्यांतील ए.एम.टी. ही कंपनी असल्या प्रतिकृति करीत असे. तिनें १९५८ पासून सुट्या भागांचे संच विकावयास काढले, आणि एकाच संचांतून गाडी कारखान्यांतून निघाली तशी, हौसेनें बदललेली, किंवा शर्यतीची, अशी तीन तऱ्हांनीं जुळवितां येईल अशी सोय केली. हौसेनें बदललेली गाडी मुलांस अधिक आवडते. आमची सूचना अशी, कीं पहिल्या दोन-तीन गाड्या तरी कारखान्यांतून निघाल्या तशाच कराव्या. मूळ काय होतें हें ज्यास माहीत नाहीं, त्यानें केलेला बदल हा बदल ठरत नाहीं.

या संचांचें प्रमाण बहुधा १/२५ असतें. खऱ्या गाडीच्या पंचवीस इंचांस प्रतिकृतीचा एक इंच, म्हणून २२५ इंचांची कॅडिलॅक बरोबर नऊ इंचांत बसते. हें गणित पांचवीच्या मुलासही येतें. अवघड भाग पुढें आहे. खऱ्या गाडीचा पत्रा सुमारें एक मिलिमीटर जाड; त्याला पंचवीसनें भागिलें कीं मिलिमीटरचा पंचविसावा हिस्सा उरतो, आणि इतकें पातळ प्लॅस्टिक सांच्यांतून निघत नाहीं. संचांतल्या पराची कड मिलिमीटरभर जाड असली, तर खऱ्या गाडीच्या हिशेबानें ती एक इंच जाडीची झाली. अशी गाडी खेळण्यासारखी कां दिसते, हें मुलास सांगतां येत नाहीं. डोळ्यास मात्र खोट समजते. इलाज एकच. कड आंतल्या बाजूनें कानशीनें व पाण्यांत भिजविलेल्या पॉलिशपेपरनें झिजवीत न्यावी, आणि बाहेरची रेषा जराही बिघडूं देऊं नये. रंगाचेंही तसेंच. ब्रशानें थापलेला थर मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरला, तरी खऱ्या गाडीवर तो अडीच मिलिमीटरांचा लेप होईल, आणि दारांच्या फटी व नांवाचीं अक्षरें त्याखालीं बुजून जातील. म्हणून रंग पातळ करून फवाऱ्यानें एकावर एक हलके हात द्यावे व प्रत्येक हात पुरता वाळूं द्यावा. ज्या मुलास हें वाळूं देणें साधलें, त्यास निम्मी विद्या आली असें आम्ही समजतों.

या गाड्यांवर क्रोमच्या मुलाम्याची रेलचेल असे. संचांतले बंपर व जाळ्या मुलामा देऊनच आलेल्या असतात. परंतु खिडक्यांभोंवतींच्या व बाजूंवरच्या पट्ट्या गाडीच्या अंगाशींच ओतलेल्या असतात. त्यांवर रुपेरी रंग फासला तर तो राखेसारखा दिसतो. जाणते लोक पाठीस चिकट असलेला अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ वर्ख पट्टीवर ठेवून लांकडी काडीनें दाबून बसवितात, आणि अगदीं नव्या पात्यानें कडेकडेनें कापून काढतात. पातें बोथट असलें तर वर्ख फाटतो; हात जड पडला तर खालचा रंग चिरतो. इंजिनावरच्या विजेच्या तारा केसाएवढ्या तांब्याच्या तारेनें कराव्या. त्या कोणत्या क्रमानें जोडावयाच्या हें खऱ्या इंजिनाच्या चित्रावरून ठरवावें लागतें, आणि तें ठरवितांना आठ सिलिंडरांचा पेटण्याचा क्रम ही काय वस्तु आहे याची ओळख होते. झांकणाखालीं दडणाऱ्या तारांवर एवढी मेहनत कशासाठीं, असें कोणी म्हणेल. झांकण उघडणारास तोंड दाखवितां यावें म्हणून.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. ज्यानें पराच्या आंतून कानस फिरविली आहे, त्यास एक गोष्ट कोणीं न सांगतां कळते. आंत कांहीं नाहीं. चाक त्याला टेकलेलें नाहीं, गाडीचा भार त्यावर नाहीं, सामान त्यांत मावत नाहीं. दिव्यांच्या तारा तेवढ्या आंत जातात. हाच मुलगा पुढें चाकांचा आंस बसवितो तेव्हां तेथील प्रत्येक तुकड्याला काम असतें, व एक तुकडा राहून गेला तर गाडी मेजावर सरळ उभी राहत नाहीं. शोभा व उपयोग यांतील भेद सांगण्यास आम्हांस वर्गांत तासचे तास घालवावे लागतात, आणि तरीही तो पटतोच असें नाहीं.

शिवाय ही शोभा निरुपद्रवी नव्हती. राल्फ नेडर यानें मोटारींतील धोक्यांविषयीं १९६५ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत, सायकलवर असलेली नऊ वर्षांची एक मुलगी उभ्या असलेल्या कॅडिलॅकच्या परावर आदळून मरण पावल्याची नोंद आहे. गाडी चालतही नव्हती. ही हकीकत प्रतिकृति करणाऱ्या प्रत्येक मुलास सांगावी, असें आमचें मत आहे. आणि ती ऐकून त्यानें पराचें टोंक बोथट करूं नये. जसें होतें तसेंच ठेवावें. मग असली वस्तु घरांत ठेवावीच कशाला, असें कित्येक सज्जन म्हणतील. त्यांनीं १९५९ ची कॅडिलॅक एकदां बाजूनें पाहावी. पुढच्या दिव्यापासून पराच्या टोंकापर्यंत जो ओघ आहे, तो कसबी हातांचा आहे, आणि तो आवडला म्हणून मुलानें लाजण्याचें कारण नाहीं. आवडलेल्या वस्तूंतील पोकळपणा ओळखतां येणें, आणि पोकळपणा ओळखल्यावरही तिच्यांतील कसब मान्य करणें, ही संवय मोठ्या माणसांसही कठीण जाते. ती तेराव्या वर्षीं लागली तर नऊ इंचांची मोटार महाग पडली असें आम्ही म्हणणार नाहीं.

वेळेविषयीं फार लिहीत नाहीं. परीक्षेच्या महिन्यांत कपाट बंद ठेवावें, इतर दिवशीं घटकाभर उघडावें. हाताचें काम हलकें, ही समजूत मात्र सुताराच्या घरीं वाढलेल्या प्रभूच्या नांवानें चालणाऱ्या शाळेंत तरी नसावी. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्याच फिशर बॉडी या विभागानें १९३० पासून १९६८ पर्यंत मुलांसाठीं प्रतिकृतींची स्पर्धा चालविली. आरंभीं नेपोलियनच्या काळच्या घोडागाडीची प्रतिकृति करावयाची असे. लांकूड, धातु, कातडें, शिवण, सारें काम मुलानें स्वतः करावयाचें. १९३७ पासून आपल्या कल्पनेची मोटार करण्याची मुभा मिळाली. बक्षिसांत कॉलेजच्या शिष्यवृत्त्या असत. १९४७ सालीं तेथें पहिलें बक्षीस मिळविणारा विद्यार्थी चार्ल्स जॉर्डन पुढें त्याच कंपनींत शिरला, परांच्या ऐन भरांत कॅडिलॅकच्या आरेखनाचा प्रमुख झाला, आणि सबंध जनरल मोटर्सचा आरेखनप्रमुख होऊन १९९२ सालीं निवृत्त झाला. मुलींस या स्पर्धेंत प्रवेश नव्हता. ती उणीव आमच्या विद्यार्थिनींनीं मनावर घेऊन शाळेच्या पुढील प्रदर्शनांत भरून काढावी.

राहतां राहिला पैसा. परदेशी संच महाग पडतात, आणि ते घेण्यासाठीं कोणीं घरीं हट्ट धरूं नये. पुठ्ठा, कात्री व डिंक यांवर आरंभ होतो. त्यासाठीं अमेरिकेकडे पाहण्याचीही गरज नाहीं, कारण परांची ती लाट इटलीपर्यंत गेली होती. फियाट ११०० मोटारीच्या मागच्या कोपऱ्यांवर तिनें दोन लहान, विनयशील पर ठेवले. ती गाडी कुर्ल्यास प्रीमियरच्या कारखान्यांत तयार होऊं लागली व पुढें पद्मिनी या नांवानें मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्यें ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उठली. आमच्या वाचकांपैकीं कित्येक पालक तिच्या मागच्या बांकावर बसून स्टेशनाहून घरीं आले असतील, पण त्या परांकडे त्यांचें लक्ष क्वचितच गेलें असेल. खाजगी मालकीची अशी एखादी गाडी आळींत अजून उभी असेल, तर मालकाच्या परवानगीनें फीत लावून तिचीं मापें घ्यावीं. लांबी सुमारें ३.९ मीटर भरेल, म्हणजे १/२५ प्रमाणानें प्रतिकृति सोळा सेंटिमीटरांच्या आंत बसेल. पराची उंची मात्र जमिनीपासून व डिकीच्या झांकणापासून अशी दोनदां मोजावी. जुन्या गाडीचे मागचे पाटे बसलेले असतात, आणि जमिनीपासूनचें माप फसवितें.