पुडक्यावर एमआरपी छापावी लागते, मग बक्षिसावर ‘संधी किती’ का नाही?

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकूंचे १४,५०० रुपये गेले. नाव लिहीत नाही, लिहिणारही नाही. रहाटणीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, दोन घरी पोळ्या करायला जातात. नातीच्या शाळेची फी म्हणून बाजूला ठेवलेले पैसे होते.

प्रकार तुम्हाला माहीत असेल. व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘केबीसी लॉटरी, २५ लाख, तुमचा नंबर लागला.’ अमिताभ बच्चनचा फोटो, गोल शिक्का, काकूंच्या नावाचं सर्टिफिकेट. मग फोन. ‘आधी सरकारी कर भरा, मग पैसे सुटतील.’ पहिल्यांदा ४,५०० भरले. मग आणखी १०,०००. तिसऱ्यांदा २२,००० मागितले तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. ‘दादा, जरा बघ ना, पैसे अडकलेत.’

१९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली. पैसे मिळतील का, देव जाणे.

बिल्डिंगच्या ग्रुपवर मात्र लगेच सुरू झालं. ‘एवढं कळत नाही का?’ ‘फुकटचा लोभ.’ ‘शिकलेली नाहीत ना.’ मला राग आला, म्हणून हे लांबलचक लिहितोय. कारण मी काकूंना शांतपणे विचारलं होतं, की तुम्ही विश्वास ठेवलाच कसा? त्यांचं उत्तर ऐका: ‘अरे, मी खरंच उत्तर पाठवलं होतं ना. टीव्हीवर प्रश्न आला, पोरीच्या मोबाइलवरून दाबला ऑप्शन. त्याचा निकाल काय लागला ते कुणी कधी सांगितलंच नाही. मला वाटलं, हाच तो निकाल.’

चोर तो चोरच, त्याची बाजू मी घेत नाही. पण चोराला घरात शिरायला दार उघडं कुणी ठेवलं? वर्षानुवर्षं ‘घरबसल्या जिंका’ म्हणून प्रश्न विचारायचे, लाखो लोकांनी उत्तरं पाठवायची, आणि किती जणांनी पाठवली, त्यातून एक कसा निवडला, बाकीच्यांचं काय झालं, हे त्या माणसाला सांगायचं नाही. मग कुणीही उठून ‘तुमचा नंबर लागला’ म्हटलं की ते खरं वाटणारच.

माझं म्हणणं सरळ आहे. टीव्हीवरच्या प्रत्येक बक्षिसाबरोबर तीन गोष्टी सांगणं सक्तीचं करा: किती जणांत एक, निवड कशी, आणि कर कापून हातात किती. बिस्किटाच्या दहा रुपयांच्या पुडक्यावर वजन, किंमत, तारीख छापावी लागते. लाखाच्या बक्षिसावर काहीच नाही?

आकडे बघा, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल.

२००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’चा तिसरा सीझन लागला होता, शाहरुख खानवाला. जानेवारी ते एप्रिल, ५२ भाग. त्यात प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. स्क्रीनवर चार पर्यायांचा प्रश्न यायचा, तुम्ही एसएमएस करायचा. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. बरोबर उत्तरांतून प्रत्येक भागाला एक विजेता, त्याला २ लाख. ‘सोसायटी ऑफ कॅटॅलिस्ट्स’ ही ग्राहकांसाठी काम करणारी संस्था हे प्रकरण घेऊन राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेली. तिथे जे आकडे पुढे आले ते असे: एकूण एसएमएस सुमारे ५ कोटी ८० लाख. म्हणजे लोकांच्या खिशातून गेले १३ कोटी ९२ लाख. बक्षिसं वाटली ५२ गुणिले २ लाख, म्हणजे १ कोटी ४ लाख.

आता आपण घरचा हिशोब करू. एका भागाला साधारण ११ लाख एसएमएस. चला, त्यातली निम्मी उत्तरं चुकली असं धरा, तरी साडेपाच लाखांत एक विजेता. आपल्या आख्ख्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजार होती. म्हणजे त्यातला जवळपास एक तृतीयांश गाव एका रांगेत उभा करायचा आणि त्यातून एकाला हात धरून बाहेर काढायचं. तो एक तुम्ही असाल, या आशेवर २ रुपये ४० पैसे. सरासरी काढली तर एका एसएमएसमागे बक्षिसाचे पैसे साधारण १८. रुपये नाही, पैसे.

त्या वेळी स्क्रीनवर ‘तुमची संधी अमुक लाखांत एक’ असं लिहिलेलं असतं, तर किती जणांनी बटण दाबलं असतं?

पुढे काय झालं तेही सांगतो, दोन्ही बाजू सांगतो. आयोगानं सप्टेंबर २००८ मध्ये हे अनुचित व्यापारी प्रथेत बसतं असं म्हटलं आणि स्टार इंडिया व एअरटेल यांना १ कोटीची दंडात्मक भरपाई आणि ५० हजार रुपये खर्च द्यायला सांगितला. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१९ मध्ये तो आदेश रद्द झाला. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या पैशांतूनच दिली गेली, हे तक्रारदार पुराव्यानं दाखवू शकला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. निकाल मान्य. कंपन्या कायद्यानं सुटल्या, त्यांना मी चोर म्हणणार नाही. पण मला त्यातून दिसतं ते वेगळंच. हिशोब कुणाकडे होता? कंपन्यांकडे. आणि तो सिद्ध कुणी करायचा? बाहेरच्या माणसानं. बारा वर्षं कोर्टात घालवून एका संस्थेला जे जमलं नाही, ते पोळ्या करणाऱ्या काकूंनी घरबसल्या ओळखायचं होतं का?

म्हणूनच म्हणतो, भांडण झाल्यावर पुरावा मागण्यापेक्षा आधीच आकडा छापा.

गंमत बघा. ज्या लॉटरीला आपण नाकं मुरडतो, ती याबाबतीत जास्त सरळ आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. केंद्राचा १९९८ चा लॉटरी कायदा आणि २०१० चे नियम सांगतात की तिकिटाची किंमत, छापलेली एकूण तिकिटं, बक्षिसांची रचना, सोडतीची जागा आणि पद्धत, सगळं आधी जाहीर करायचं. लॉटरी चांगली असं मी म्हणत नाहीये. कित्येक संसार तिनं बुडवलेत. पण तिकीट घेणाऱ्याला हिशोब करायचा असेल तर आकडा कागदावर आहे. आणि घरात सगळ्यांनी मिळून बघायच्या, सभ्य, ज्ञानाच्या म्हणवल्या जाणाऱ्या कार्यक्रमात तो नाही!

अहो, आपल्या बायकांची भिशी घ्या. वीस जणी, वीस चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर डबा हलवायचा आणि लहान पोराच्या हातानं चिठ्ठी काढायची. एवढा पारदर्शकपणा चाळीत जमतो, स्टुडिओत जमत नाही?

आता कोणी म्हणेल, ‘आता तर ॲपवर फुकट असतं, पैसे कुठे जातात?’ फुकट काही नसतं, राव. तुमचा मोबाइल नंबर, वय, गाव, रोज ठरावीक वेळेला टीव्हीसमोर बसणं, ॲप उघडणं, याला बाजारात किंमत आहे. म्हणून तर बक्षीस ठेवतात. त्यात वाईट काही नाही, धंदा आहे. पण धंदा आहे तर वजनकाटा दाखवा.

दुसरे म्हणतील, ‘बबिता ताडे विसरलात का?’ मुळीच नाही. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत महिना दीड हजारावर खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी २०१९ मध्ये १ कोटी जिंकले, तेव्हा आमच्या घरात टाळ्या वाजल्या होत्या. आणि हेही मान्य, की एकदा माणूस त्या खुर्चीवर बसला की खेळ सगळ्यांसमोर होतो. कोणत्या प्रश्नाला किती, पडाव कुठे, चुकलं तर किती खाली यायचं, सगळं आधी सांगतात. माझा आक्षेप खुर्चीवरच्या खेळाला नाहीच. खुर्चीपर्यंतच्या वाटेला आहे. टीव्हीवर जिंकलेली एक ताई दिसते, न लागलेल्या लाखो ताया दिसत नाहीत. म्हणून प्रत्येकीला वाटतं की आपणही जवळच आहोत.

तिसरी गोष्ट कराची, आणि काकूंचा घात इथेच झाला.

खेळातल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर आहे, वर सेस, आणि उत्पन्न मोठं असेल तर अधिभार. मूळ करसवलतीची मर्यादा या रकमेला लागू होत नाही. म्हणजे वर्षाला लाखभर कमावणारी बाई जिंकली तरी तेच ३० टक्के. १ कोटी जिंकलं तर सगळा कर भरून हातात साधारण ६५ लाख ६८ हजार राहतात. पडद्यावर मात्र कोटीच चमकतो.

यातला फरक प्रत्येकानं पाठ करावा असा आहे. बक्षीस रोख असेल तर कर त्यातूनच कापून घेतात, तुम्हाला आधी एक रुपयाही भरावा लागत नाही. बक्षीस वस्तूचं असेल, गाडी, दागिना, साडी, तर मात्र कर भरला गेल्याशिवाय वस्तू द्यायची नाही असा नियम आहे. २०२२ मध्ये झी मराठीच्या ‘महामिनिस्टर’मध्ये ११ लाखांची पैठणी होती. घराघरात चर्चा झाली, येवल्याच्या विणकरांचं कौतुक झालं, चांगलंच झालं. पण ११ लाखांवर ३० टक्के म्हणजे ३ लाख ३० हजार होतात. असा कर वाहिनी भरणार की जिंकणारी, हे प्रत्येक वेळी बक्षीस दाखवतानाच पडद्यावर ठळक यायला नको का?

हे कुणी समजावून सांगत नाही. लोकांच्या कानावर अर्धवट एवढंच आलेलं असतं, की ‘बक्षीस लागलं की आधी कर भरावा लागतो’. चोरानं तेवढंच वापरलं. रोख २५ लाखांसाठी आधी कर मागणारा माणूस शंभर टक्के खोटा आहे, हे एक वाक्य दर एपिसोडला सांगितलं असतं तर नातीची फी वाचली असती.

आणि बाहेरच्या देशांत सगळे साधुसंत आहेत असं नाही बरं का. अमेरिकेत १९५० च्या दशकात ‘ट्वेंटी वन’ नावाच्या शोमध्ये स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात होती. बोभाटा झाला, १९५९ मध्ये संसदीय समितीसमोर सुनावणी झाली आणि १९६० मध्ये असा खेळ ठरवून खेळवणं हा गुन्हा ठरला. ब्रिटनमध्ये फोन लावून भाग घ्यायच्या स्पर्धांत लोक पैसे मोजून फोन करत होते, आणि काही स्पर्धांत लाइन चालू असतानाच विजेते निवडून झाले होते. तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेनं २००७ मध्ये जीएमटीव्हीला २० लाख पौंड आणि २००८ मध्ये आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड दंड केला. लबाडी तिथेही झाली. फरक एवढाच की नंतर कुणीतरी कान धरला.

आपल्याकडे निदान अर्धी शिडी उभी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात म्हटलंय की बक्षीस योजना संपल्यावर अंतिम निकालाची माहिती भाग घेणाऱ्यांपासून दडवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे निकाल सांगा, हे कायदा आजही म्हणतो. त्यात फक्त पुढची पायरी जोडायची आहे: आधी संधी सांगा, नंतर संख्या सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मनावर घेतलं तर हे अशक्य नाही.

आता जरा आपल्या गल्लीत येऊ, कारण टीव्हीला शिव्या घालणं सोपं असतं. निवडणूक जवळ आली की आपल्याकडे चौकाचौकात ‘खेळ पैठणीचा’ असतो. स्टेजवर फ्रिज, दुचाकी, पैठण्या. कूपनवर नाव, पत्ता, मोबाइल नंबर. किती कूपनं वाटली, डब्यात सगळी पडली का, चिठ्ठी कुणी काढली, कोणी विचारत नाही. विचारलं तर ‘तुम्हाला काय पडलंय, बायका खूश आहेत ना’. बायका खूश असतात कारण एक संध्याकाळ त्यांना स्वतःसाठी मिळते. त्या खुशीची थट्टा मी करणार नाही. पण त्या नंबरांचं पुढे काय होतं? पक्ष कोणताही असो, पुढच्या वेळी माइक हातात आला तर एवढंच विचारा: ‘दादा, कूपनं किती वाटली आणि आमचे नंबर कुणाकडे जाणार?’

रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागरच्या मंडळींना माझी विनंती आहे. घरबसल्या स्पर्धेत भाग घेऊन निकाल कळला नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन करा आणि तक्रार नोंदवा. एकट्याची तक्रार फायलीत जाते, पाचशे जणांची बातमी होते. आणि आपल्या आई, आजी, काकूंना करातला तो रोख आणि वस्तूंचा फरक आज जेवताना समजावून सांगा. पोस्ट शेअर करायची तर करा, पण ते आधी करा.

काकू काल भेटल्या. फीचं आम्ही चार जणांनी मिळून बघितलंय. त्यांनी मला एकच विचारलं, ‘दादा, मग माझ्या त्या खऱ्या उत्तराचं काय झालं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते द्यावं.