उंबऱ्यावरून पाहिलेला ‘संत तुकाराम’

कलेविषयीं नवें कांहीं सुचावयाचें तर नवीच कलाकृति पुढें यावी लागते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गेल्या आषाढी एकादशीपासून माझी ही समजूत डळमळली आहे. आणि ती डळमळविली कोणा पंडितानें नव्हे, तर आमच्या आईनें.

एकादशीच्या संध्याकाळीं प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ घरीं दूरचित्रवाणीवर पाहावयाचा, हा आमच्याकडील जुना परिपाठ. बोलपट १९३६ सालचा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि एस्. फत्तेलाल. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहांत तो ५७ आठवडे चालला, १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, आणि शांताराम आठवल्यांनीं त्यासाठीं रचलेलें एक पद तर खुद्द तुकोबांचाच अभंग म्हणून लोकांनीं मानलें. ही माहिती मी मुलांना दरवर्षीं सांगतों आणि मुलेंही ती दरवर्षीं निमूटपणें ऐकून घेतात.

यंदा धाकट्या पुतणीनें हट्ट धरला, “आजी, आज तूं शेवटपर्यंत बैस. आंतलें आम्ही पाहूं.”

“अग, इतक्या वेळां पाहिला आहे मीं तो!”

“मग शेवट सांग पाहूं?”

आईला शेवट सांगतां येईना. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभें राहून, पदराला हात पुशीत, तिनें तो तुकड्यातुकड्यांनींच पाहिला होता. शेवट जवळ येई तेव्हां फराळाचीं ताटें मांडण्याची वेळ झालेली असे. तीस-पस्तीस वर्षें आम्ही तिच्याकडे पाठ करून बसलों आणि हें कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं.

त्या दिवशीं ती आमच्यांत बसली. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाला तिनें हात जोडले. परंतु तिची नजर खिळली ती गौरी या नटीनें उभ्या केलेल्या जिजाईवर. आम्हां पुरुषांच्या लेखीं ही आजवर संताची कजाग बायको, म्हणजे विनोदाची जागा. तुकोबा ऊंस वाटून जवळजवळ रित्या हातांनीं घरीं येतात, तेव्हां त्यांच्या औदार्यानें आम्ही गहिंवरतों. आई हळूच म्हणाली, “त्या घरांत संध्याकाळीं काय शिजलें असेल रे?” मुलगा आजारी पडतो, तेव्हां जिजाई त्याला ओढीत देवळांत नेते आणि विठोबावरच पायतण उगारते. येथें आम्ही नेहमीं हंसतों. यंदा आई हंसली नाहीं. मग आम्हांलाही हंसूं आलें नाहीं.

अखेरीस तुकोबा तिला वैकुंठास बरोबर चल म्हणतात. तिला तें खरें वाटत नाहीं. ती आपल्या पोळ्या करीत राहते. गलबला ऐकून बाहेर धांवते, तों गरुडाचें विमान आकाशांत! आई बराच वेळ स्तब्ध होती. मग म्हणाली, “तिचेंही चुलीपाशीं काम राहिलें होतें.”

अशानें तुकोबांचें मोठेपण उणें होतें काय? मला तसें वाटत नाहीं. बोलपटांतील तुकोबा जिजाईच्या तोंडाळपणावर रागावत नाहींत. तिचा संताप कोठून येतो, हें ते जाणतात. न जाणणारे होतों ते आम्ही. दिग्दर्शकांनीं वैकुंठाचें विमान आणि चुलीवरील पोळी हीं एकाच प्रसंगांत शेजारीं शेजारीं ठेविलीं होतीं. आम्ही मात्र आजवर विमानच पाहत आलों. बोलपटांत एका अक्षराचाही बदल झाला नव्हता. बदलली ती पाहणाराची जागा.

म्हणून वाचकांस एक सुचवावेंसें वाटतें. नाटक पाहून, कादंबरी वाचून वा पोथी ऐकून झाल्यावर आपण घरांतील जाणत्यांचें मत घेतों. तें घ्यावेंच; परंतु जें माणूस सदैव दारांतून पाहत आलें आणि ज्याला कोणीं कधीं कांहीं विचारलें नाहीं, त्यालाही एकवार आंत बसवून विचारावें. आणि विचारण्यापूर्वीं त्याच्या हातांतील काम आपण घ्यावें. नाहीं तर उत्तर पुन्हा अर्धेंच मिळेल.

पुढील एकादशीस साबुदाण्याची खिचडी कोणीं करावयाची, हें आमच्या घरीं अद्याप ठरावयाचें आहे. यादींत पहिलें नांव मीं माझें घातलें आहे. खिचडी कशी होते, तें सांगतां येत नाहीं. आईला मात्र शेवट पुन्हा पाहावयाचा आहे.