गेमवरचं लेबल आणि सांगलीचं नाटक

'ॲडव्हेंचर' आणि 'रोलप्लेइंग' ही गेमच्या दुकानातली सगळ्यात फसवी लेबलं. शब्दावरच जायचं तर साहस कुठल्या गेममध्ये नसतं? आणि भूमिका तर आपण मारिओचीही करतो! तरी ही लेबलं टाकून द्यावीत असं मला वाटत नाही. फक्त त्यांचा अर्थ शब्दकोशात शोधू नये.

'ॲडव्हेंचर' हे मुळात एका गेमचंच नाव. विल क्राउदरने १९७६च्या सुमारास गुहेत फिरायचा, निव्वळ मजकुराचा एक गेम लिहिला, १९७७मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला आणि मग त्या धाटणीच्या सगळ्याच गेम्सना ते नाव चिकटलं. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो ना, तसंच. 'रोलप्लेइंग' आलं १९७४च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधून. कागद, पेन्सिल, फासे; पात्राची ताकद, बुद्धी सगळं आकड्यांत. कॉम्प्युटरवर येताना अभिनय बराचसा गळाला, आकडे तेवढे उरले.

मग फरक कसा ओळखायचा? साताऱ्याला जाऊ. अजिंक्यताऱ्याची वाट एकदा सापडली की सापडली, दुसऱ्यांदा शोधावी लागत नाही. हा झाला ॲडव्हेंचर. पण यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन पळायची तर वाट माहीत असून उपयोग शून्य, दम वाढवावाच लागतो. हा आरपीजी. ॲडव्हेंचरची सगळी कोडी पाठ असतील तर तो एका बैठकीत संपतो. आरपीजीत तुम्हाला सगळं माहीत असलं तरी तुमच्या पात्राच्या अंगात बळ नसतं.

मराठी माणसाला हा घोळ खरं तर नवा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्यात पदं होतीच की. तरी 'संगीत' हे लेबल गाजलं ते १८८०मध्ये पुण्यात, किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून. भाव्यांकडे पदं म्हणायचा सूत्रधार, आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं गद्य बोलायची. किर्लोस्करांकडे पात्रंच गायला लागली. म्हणजे मुद्दा गाणं आहे का हा नव्हताच, गातं कोण हा होता. (आणि आयत्या वेळी संवाद रचणारी भाव्यांची नटमंडळी हेच खरं रोलप्लेइंग, नाही का!) गेममध्येही तेच विचारावं: वाढतं कोण, खेळणारा की पात्र?

तलवारी मोजून काही कळत नाही. १९९०च्या 'मंकी आयलंड'मध्ये तलवारबाजी आहे, पण जिंकायची ती टोमण्याला चोख टोमणा मारून. ॲडव्हेंचर! उलट २०१९चा 'डिस्को एलिझियम' जवळजवळ नुसत्या गप्पा, पण तुमचं म्हणणं समोरच्याला पटणार का हे पात्राचे आकडे आणि फासे ठरवतात. तो आरपीजीच. राहिला १९८९चा 'हीरोज क्वेस्ट', पुढे ज्याचं नाव 'क्वेस्ट फॉर ग्लोरी' झालं. त्यात कोडीही आहेत आणि झाडावर पुन्हा पुन्हा चढून चढण्याचे गुणही वाढतात. अशा गेमवर खुशाल दोन्ही लेबलं लावावीत.

आमच्या एका मित्राला आठवड्यातून रविवारचे दोनच तास मोकळे मिळतात. त्याने सेलमध्ये डब्यावरचा ड्रॅगन बघून एक अवाढव्य आरपीजी घेतला. तीन रविवार झाले, पठ्ठ्या अजून तळघरातले उंदीरच मारतोय.