उंबरठ्याआतला धूर

प्रदूषण म्हटले की मध्यमवर्गाचे बोट तत्काळ कारखान्याच्या धुराड्याकडे वळते. चार भिंतींच्या आत आपणच काय जाळतो, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. डास पळवणाऱ्या कॉइलचेच पाहा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चीन व मलेशियातील कॉइल तपासल्या गेल्या. एक कॉइल जळून संपेपर्यंत बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले! ज्या घरात विडी-सिगारेटीला उंबरठा ओलांडू दिला जात नाही, त्याच घरात तान्ह्या बाळाच्या पाळण्याजवळ ती रात्रभर धुमसते, तीही खिडक्या घट्ट लावून. देवघरातील उदबत्तीचा धूरही धूरच. श्रद्धेने त्याचे कण कमी होत नाहीत.

यावर तोडगा कोणता, तर मनीप्लांटच्या कुंड्या! नासाच्या १९८९ च्या ज्या प्रयोगाचा दाखला दिला जातो, तो बंदिस्त पेटीतला होता. वायुवीजनाची बरोबरी करायची, तर दर चौरस मीटरला किमान १० झाडे हवीत, असे २०१९ मधील फेरतपासणीत दिसले. मग माणसांनी राहायचे कुठे?

जुन्या वाड्यांना झरोके होते. सदनिकेत ते काम एक्झॉस्ट पंख्याचे. परंतु आवाज होतो म्हणून तोच बंद! गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड प्रथम जातो तो ओट्यापाशी उभ्या गृहिणीच्या छातीत. फोडणीपूर्वी पंखा लावावा, रहदारी कमी असताना समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि रात्री मच्छरदाणी बांधावी. तिच्या खिळ्यांनी भिंत खराब होते, ही तक्रार ऐकून घेण्याजोगी नाही.