दुसरा कान ही चैन नव्हे

‘सरकारनं एका कानाचं मशीन दिलं, पोर बोलायला लागलं. आता दुसऱ्या कानाचा हट्ट कशाला?’ जन्मतः बहिऱ्या मुलाच्या आईबापांना हा प्रश्न नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, शिकलीसवरली माणसेही विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण त्यामागच्या गैरसमजांची किंमत मुलाला मोजावी लागते, म्हणून ते एकेक करून तपासलेच पाहिजेत.

पहिला समज असा की, एका कानावर भागते. शांत खोलीत, समोरासमोर बसून बोलताना बऱ्याच अंशी भागतेही. पण वसई-विरारचे मूल शांत खोलीत वाढत नाही. भरलेल्या वर्गात डोक्यावर पंखा घरघरतो, खिडकीबाहेर रिक्षा हॉर्न वाजवतात. एखाद्या मुलीचे यंत्र उजव्या कानाला आणि तिची मैत्रीण डावीकडे बसलेली. मैत्रिणीचा आवाज यंत्रापर्यंत पोचण्याआधी मुलीचे स्वतःचे डोकेच आड येते. ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी वाटेतच विरतात. नालासोपारा स्टेशनबाहेर मुलीला हॉर्न ऐकू येतो, पण गाडी कुठल्या बाजूने येते ते कळत नाही. आवाजाची दिशा ओळखायला मेंदूला दोन कानांची तुलना करावी लागते. नैसर्गिक कान आवाज पोचण्याच्या वेळेतला सूक्ष्म फरकही टिपतात. कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे ऑपरेशनने कानात बसवलेल्या या यंत्राला, तो नीट टिपता येत नाही, पण कोणत्या कानाला आवाज मोठा आला एवढे दोन यंत्रे सांगू शकतात. गोंगाटात बोलणे समजणे आणि दिशा कळणे, दुसऱ्या यंत्राचा मोठा लाभ इथे आहे.

दुसरा समज: पुढे चांगले उपचार निघतील, तोवर एक कान राखून ठेवावा. कान राखता येईल, पण मेंदूचे वय राखता येत नाही. अमेरिकेतील संशोधक अनू शर्मा यांनी दाखवून दिले की, साधारण साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसले तर मेंदूतील श्रवणकेंद्राची वाढ बहुधा वयाला साजेशी होते. सातव्या वर्षानंतर ती संधी जवळजवळ सरते. टोरांटोच्या बाल रुग्णालयात कॅरन गॉर्डन आणि ब्लेक पॅप्सिन यांच्या गटाला आढळले की, दीड वर्षाहून अधिक काळ एकाच कानाने ऐकले तर मेंदू त्याच कानाकडे झुकतो आणि मागाहून आलेल्या कानाला बरोबरीची जागा देत नाही. मेंदूज्वराने बहिरेपण आले असेल तर कानाच्या शंखात हाड धरू लागते आणि पुढे ऑपरेशनच अवघड होऊन बसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एका मुलाच्या दुसऱ्या कानाच्या पैशांत दुसऱ्या मुलाचा पहिला कान होईल. 2014 मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेत एका यंत्रासाठी 6 लाखांपर्यंत मदत ठरली. वांद्र्याची अली यावर जंग श्रवण-वाणी संस्था हे काम पाहते. ही योजना मोलाची आहे, आणि पहिल्या कानाची रांग मोडून कोणालाच दुसरा कान नको. पण ज्यांच्यापाशी पैसा आहे ते आजही दोन्ही कान करून घेतात. म्हणजे ‘एक पुरे’ हा नियम फक्त गरिबाच्या मुलाला लागू होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेने खर्चाचा हिशेब मांडूनच 2009 मध्ये मुलांना एकाच वेळी दोन्ही कानांत यंत्र बसवण्याची शिफारस केली. दोन्ही कान एकत्र केले तर दुसऱ्यांदा भूल देणे आणि पुन्हा दाखल होणेही वाचते.

यात चमत्काराचा दावा नाही. दोन यंत्रांनी बहिरेपण बरे होत नाही; यंत्र काढले की मूल पुन्हा ऐकू शकत नाही. काहींची श्रवणचेताच विकसित झालेली नसते, काहींना दुसऱ्या कानात साधे श्रवणयंत्र पुरेसे असते. हे तपासणीवरून ठरावे, पाकिटावरून नव्हे. ऑपरेशननंतर वारंवार मॅपिंग, म्हणजे यंत्राची मुलानुसार जुळवणी, लागते, वर्षानुवर्षे स्पीच थेरपी लागते, घरात दिवसभर बोलणे लागते, आणि आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात यंत्र रोज रात्री कोरड्या डबीत ठेवावे लागते. कडेवर मूल घेऊन विरार लोकलमधून दर आठवड्याला मुंबई गाठणारी आई किती महिने टिकेल?

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात बाळ घरी जाण्याआधी त्याची श्रवणतपासणी व्हावी. मॅपिंग आणि थेरपी वसई-विरारमध्येच मिळावी. ज्या मुलाला गरज आहे त्याच्या दुसऱ्या कानाचा खर्च राज्य सरकारने उचलावा. आईबापांना सांगणे एवढेच: बेरा या श्रवणतपासणीचा रिपोर्ट हातात आला की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दुसऱ्या कानाबद्दल विचारा, आणि त्या कानात थोडेही ऐकू येत असेल तर त्याचे श्रवणयंत्र उतरवू नका.