ग्रंथालयातील ‘पाहा’ची कार्डे

लहान लहान खणांचे लाकडी तालिका-कपाट आता अमरावती-अकोल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांतून आणि मोठ्या वाचनालयांतून हद्दपार झाले आहे. कोठे ते अडगळीच्या खोलीत गेले, कोठे भंगारवाल्याकडे. जुन्या वाचकांत त्याविषयी हळहळ ऐकू येते. पितळी कडी, कार्डांच्या भोकांतून ओवलेली दांडी, बोटांनी मळलेल्या कडा, ग्रंथपालाचे टपोरे अक्षर यांच्या आठवणी निघतात आणि तरुण मंडळी त्या म्हातारपणाचा छंद समजून सोडून देतात. पितळी कडीसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही, हे मान्य. परंतु त्या खणांत ग्रंथपालांच्या पिढ्यांचे श्रम साठवलेले होते, आणि त्यांचे काय झाले याचा हिशेब कोणीच मागितलेला नाही. तो मागणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.

साडेबारा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद अशा त्या कार्डावर लेखक, शीर्षक, विषय व पुस्तकाची फडताळातील जागा यांची नोंद असे. एवढ्यावर तालिका संपत नसे. तिचा खरा प्राण दुसऱ्याच एका प्रकारच्या कार्डात होता. त्यावर कोणत्याही पुस्तकाची नोंद नसे. एक नाव, त्याखाली ‘पाहा’ हा शब्द आणि त्याखाली दुसरे नाव, इतकाच मजकूर. ‘बी’ या नावाखाली शोधणाऱ्याला ‘गुप्ते, नारायण मुरलीधर’ या नावाकडे वळवणारे, अथवा ग्रंथपालाने उलट क्रम पत्करला असेल तर उलट दिशेने नेणारे. ‘इंगळे, माणिक बंडोजी’ येथून तुकडोजी महाराजांकडे. ‘जानोरकर, डेबूजी झिंगराजी’ येथून गाडगेबाबांकडे. ज्यांच्या नावाने आज अमरावतीचे विद्यापीठ ओळखले जाते, त्या बाबांवरील पुस्तके कोणी ‘गाडगे महाराज’ म्हणून मागे, कोणी ‘गाडगेबाबा’ म्हणून. दोघांनाही एकाच खणाशी आणून सोडणे हे ग्रंथपालाचे काम होते.

व्यक्तिनामांपेक्षाही स्थलनामांचा गुंता वऱ्हाडात अधिक बिकट आहे. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या मुलखाचे सरकारी नाव पुढे अर्धशतक ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. आल्फ्रेड लायल यांनी १८७० साली संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर त्याच नावाने छापलेले आहे. ‘बेरार’ हा शब्द तेथे प्रचलित नाव म्हणून मागाहून येतो. १९०३ नंतर वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि कागदपत्रे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ या शीर्षकाखाली गेली. इंग्रजी अहवालांत अमरावतीचे ‘अम्रावटी’ झाले, अचलपूरचे ‘एलिचपूर’. १९५६ साली मराठी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तो आणखी वेगळ्या नावाने. आता कापूस उत्पादकाच्या कर्जबाजारीपणाचा अभ्यास करू पाहणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याचा विचार करावा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, वऱ्हाडच्या कापसाला आलेली तेजी, तिच्यामागोमाग आलेली मंदी, खामगावच्या बाजारापर्यंत १८७० साली पोहोचलेला लोहमार्ग हे सारे समजून घेतल्याशिवाय आजच्या शेतकरी आत्महत्यांचे मूळ त्याला सापडणार नाही. आणि ते साधन ज्या नावाखाली नोंदलेले आहे, ते त्याने आयुष्यात ऐकलेले नाही. ‘वऱ्हाड – हेही पाहा –’ या एका कार्डात त्याला ती नावे ओळीने मिळत.

संगणकाची तालिका आली तेव्हा या कार्डांचे काय झाले? जेथे काम ग्रंथपालाच्या देखरेखीखाली सावकाश झाले, तेथे ती वाचली. परंतु अनेक ठिकाणी ते नगावर दर ठरवून कंत्राटाने दिले गेले. नगावर दर म्हटला की वेग आला, आणि वेगासाठी खणांऐवजी दाखल-नोंदवही समोर ठेवून टंकलेखन झाले. नोंदवहीत लेखक, शीर्षक, प्रकाशक व किंमत असते. विषय नसतो, ‘पाहा’ तर नसतेच, कारण ज्या कार्डाला पुस्तक नाही त्याला दाखल क्रमांकही नाही. कंत्राटदाराच्या हिशेबी ते कार्ड अस्तित्वातच नव्हते. कित्येक मराठी पुस्तके रोमन लिपीत, टंकलेखकाच्या मर्जीप्रमाणे, नोंदली गेली. जेथे देवनागरी वापरली तेथेही सुरुवातीच्या काळातील टंकांमधील मजकूर पुढच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसला. विनोद असा की खुद्द ‘वऱ्हाड’ या शब्दातला अर्धा ‘र’ संगणकाच्या लिपीसंकेतात दोन रीतींनी नोंदवता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. पण आज्ञावली लिहिणाऱ्याने मुद्दाम तजवीज केली नसेल तर यंत्र त्यांना भिन्न मानते. म्हणजे वऱ्हाडच्या वाचकाने वऱ्हाडच्या ग्रंथालयात वऱ्हाड हा शब्द बिनचूक लिहिला तरी ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर मिळू शकते.

हे उत्तर फार घातक आहे. जाणता संशोधक शब्द बदलून पुन्हा प्रयत्न करील. दर्यापूर किंवा बार्शीटाकळीच्या बाजूने आलेला, घरातला पहिलाच महाविद्यालयात पोहोचलेला विद्यार्थी असे समजेल की आपल्या मुलखावर कोणी काही लिहिलेच नाही. खण असे रिकामे उत्तर देत नसे. हवे ते कार्ड नसले तरी शेजारची दहा कार्डे हाताखालून जात आणि त्यांतले एखादे कामाला येई. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत घातले, त्यात कोणाचा वेळ हा प्रश्न दडलेला आहे. ज्याच्यापाशी मार्गदर्शक, पैसा आणि उसंत आहे त्याचा वेळ कसाही वाचतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ‘पाहा’चे कार्ड हे संचित श्रम होते: एका ग्रंथपालाचा अर्धा तास एकदाच खर्च व्हायचा आणि त्यावर पन्नास वर्षे येणाऱ्या प्रत्येक वाचकाला, फी न भरता, त्याचा लाभ मिळायचा. असे सामाजिक भांडवल नगाच्या दरात बसत नाही म्हणून ते फेकून देण्यात आले.

कार्डांचा जन्मही पाहण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर चर्च व सरदार यांचे ग्रंथसंग्रह राष्ट्राच्या मालकीचे झाले, तेव्हा राष्ट्राला नेमके काय मिळाले हे कळावे म्हणून १७९१ साली नोंदींची सर्वत्र एकच पद्धत ठरवण्यात आली, आणि नोंदींसाठी पत्ते खेळायच्या पानांच्या कोऱ्या पाठी वापरण्यात आल्या. राजा-राणीच्या पाठीवर जनतेच्या मालमत्तेची यादी!

याचा अर्थ कार्डांची व्यवस्था निर्दोष होती असा नव्हे. ड्युई यांच्या वर्गीकरणात धर्माचे बहुतेक विभाग ख्रिस्ती धर्माने व्यापले आणि हिंदू, बौद्ध, जैन यांना एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसावे लागले. शिवाय खण एकाच इमारतीत असे. चिखलदऱ्याच्या शिक्षकाला त्यासाठी अमरावती गाठावी लागे. ही अडचण संगणक दूर करू शकतो. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही प्रणाली कोणालाही विनामूल्य घेता येते, आणि तिच्यात ‘पाहा’च्या नोंदींची सोयही आहे. म्हणजे यंत्र तयार आहे. ते भरणाऱ्या जाणत्या माणसाला मजुरी देण्याची तयारी नाही.

येथे डाव्या चळवळीलाही थोडे बोलले पाहिजे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचारी संगणकाविरुद्ध उभे राहिले, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा यंत्रस्वयंचलनावरील अहवाल १९७२ साली आला. त्या काळी वाद झाला तो मुख्यतः नोकऱ्यांच्या संख्येचा. कामगाराच्या डोक्यातले ज्ञान यंत्रात उतरवताना त्यातले काय गळते आणि ते कोणाच्या तोट्याचे ठरते, हा प्रश्न मागे राहिला.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात, मद्रासच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे, ग्रंथालय कराची तरतूद नाही. वाचनालये अनुदानावर जगतात, आणि वेतनश्रेणी व सेवाशर्ती यांची त्यांच्या सेवकांची मागणी दशकानुदशके तशीच पडून आहे. जिल्हा ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांत तिचे ठराव होतात. त्याच ठरावांत आणखी दोन कलमे घातली पाहिजेत: कोणत्याही ग्रंथालयाने उरलेले खण विकण्याआधी त्यांतील ‘पाहा’ची कार्डे वेगळी काढावीत, आणि ती संगणकात चढवण्याचे काम कंत्राटदाराकडे न देता ग्रंथपालाला वेतनासह द्यावे. सुरुवात वऱ्हाडातील गावांच्या व माणसांच्या नावांपासून करता येईल. ज्या निवृत्त ग्रंथपालांनी ही कार्डे स्वहस्ते लिहिली, त्यांतले काही अजून हयात आहेत आणि अक्षर न लागल्यास त्यांना विचारता येते.